‘कुठंबी चालंल!’

मुंबईत आलेल्या कोल्हापूरच्या मित्राला रात्री कुठे जेवायचं असं विचारलं, की तो दिलदारपणे म्हणतो, ‘‘कुठंबी चालंल!’’ आणि यजमानाचे ग्रह फिरतात. दादरला सुरमई खाऊ म्हटलं, तर नेमकी त्याची संकष्टी निघते. ‘आस्वाद’ हॉटेलची मिसळ 2015 साली जगातली सर्वोत्तम शाकाहारी डिश ठरली, हे अभिमानानं सांगावं, तर उत्तर येतं, ‘‘मिसळ खायला एवढ्या लांब आलोय व्हय?’’ 1923 पासूनच्या ‘ब्रिटानिया’ रेस्टॉरंटचं नाव काढावं, तर ते पडलं दुपारच्या जेवणाचं ठिकाण.

अखेर ‘अँबियन्स’ नावाचा पदार्थ जिथे सर्वांत महाग मिळतो, अशा ठिकाणी वरात जाते. अंधार इतका, की मोबाइलच्या उजेडात क्यूआर कोड शोधायचा. मग पितळी बादलीतून बोटभर वडापाव येतो. बादली मात्र पोटभर असते. बिलात 10 टक्के सेवाशुल्क. ते सक्तीचं नाही, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्येच बजावलंय. पण पाहुण्यासमोर बिलावरून हुज्जत घालेल, तो मुंबईकर कसला? ती घालायला रिक्षावाला आहेच.