दोन वाळ्यांचा हेर

हेरगिरीच्या धंद्याचा पहिला नियम, आपण हेर आहोत हे कळू द्यायचं नाही. खोटं नाव, खोटा पासपोर्ट, गरज पडली तर खोटी बायको. मे २०२३ मध्ये चेंबूरच्या पीर पाऊ जेट्टीजवळ पकडला गेलेला संशयित मात्र या बाबतीत अगदीच कच्चा निघाला. त्याच्या पायांत दोन वाळे होते, एक तांब्याचा आणि एक ॲल्युमिनियमचा. शिवाय पंखांच्या आतल्या बाजूला चिनीसारखी दिसणारी अक्षरं. चेंबूरमध्ये चायनीजच्या गाड्या पावलोपावली असल्या तरी त्यांच्यावर चिनी वाचणारा माणूस मिळत नाही. त्यामुळे संशयिताची रवानगी थेट परळच्या जनावरांच्या इस्पितळात, पिंजऱ्यात झाली.

संशयित कबुतर होतं.

वाळा म्हणजे काय, हे शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्या कोणत्याही शौकिनाला विचारावं. पिल्लू आठवडाभराचं असताना त्याच्या पायात हा अखंड वाळा सरकवतात. पाय वाढला की तो जन्मात निघत नाही. त्यावर देश, साल आणि क्रमांक असतो. पाखरू हरवलं तर मालक सापडावा म्हणून. म्हणजे जन्मदाखला, ओळखपत्र आणि रहिवासाचा पुरावा पायात घालून फिरणारा हा जगातला एकमेव प्रवासी. इकडे माणसाला नुसतं सिमकार्ड हवं असलं तरी दोन झेरॉक्स, एक फोटो आणि 'मूळ प्रत आणलीय का?' कबुतराने मूळ प्रत आणली होती. साध्या चिमट्याने निघणार नाही इतकी मूळ. नेमकी तीच त्याच्या अंगाशी आली.

मूळ प्रतीचा हा गुन्हा जुना आहे. २०१५ साली पठाणकोटजवळच्या एका गावात चौदा वर्षांच्या मुलाला एक कबुतर सापडलं. पिसांवर उर्दूत शिक्का होता. कबुतराचा एक्स-रे काढला. आत कबुतरच निघालं. तरीही ठाण्याच्या नोंदवहीत 'संशयित हेर' अशी नोंद झाली, कारण एक्स-रे काढल्यावर काहीतरी लिहावंच लागतं. २०२० साली कठुआ जिल्ह्यात सीमा ओलांडून आलेल्या कबुतराच्या वाळ्यावर आकडे होते. आता ही सांकेतिक लिपी उलगडायची कशी? पलीकडच्या गावातल्या मालकाने स्वतःच सांगून टाकलं की तो त्याचा मोबाइल नंबर आहे. साधा माणूस नंबर दिसला की फोन लावतो. सुरक्षेचा माणूस नंबर दिसला की वरच्या साहेबांना कळवतो, वरचे साहेब त्यांच्या वरच्यांना, आणि संध्याकाळी स्टुडिओत बसलेले निवृत्त विश्लेषक कबुतराच्या उड्डाणमार्गावर लाल बाण काढून दाखवतात. पाठीमागे पडद्यावर कबुतर. त्याच्या पायाभोवती लाल वर्तुळ.

त्या विश्लेषकांना कोणीतरी एवढंच सांगायला हवं होतं की टपालाचं कबुतर फक्त एकाच ठिकाणी जातं. घरी. त्याला दूर नेऊन सोडलं की ते आपल्या खुराड्याकडे परत येतं, इतकीच त्याची विद्या. पत्ता सांगून त्याला कुठे पाठवता येत नाही. म्हणजे शत्रूला भारतात कबुतराने चिठ्ठी धाडायची असेल, तर आधी भारतात वाढलेलं कबुतर इथून उचलून तिकडे न्यायला हवं, मग ते चिठ्ठी घेऊन इकडे येईल. तसं आलं तर ते कबुतर आपलं. आणि वाळा परदेशी असेल, तर ते वाट चुकलेलं. तिसरी शक्यता पक्षिशास्त्रात नाही, ती फक्त नोंदवहीत आहे.

या बाबतीत भारत मुळीच एकटा नाही, हा दिलासा घ्यावा. इराणमध्ये २००७ साली सीमेजवळ चौदा खारी हेर म्हणून पकडल्याची बातमी सरकारी वृत्तसंस्थेनेच दिली होती. सौदी अरेबियात २०११ मध्ये एक गिधाड अडकलं; त्याच्या पट्टीवर परदेशी विद्यापीठाचं नाव होतं. तुर्कस्तानात २०१३ साली एका छोट्या ससाण्याचा पायातल्या वाळ्यापायी एक्स-रे निघाला आणि तो निर्दोष सुटला. त्याच वर्षी इजिप्तमध्ये एका करकोच्याला कोठडी मिळाली. त्याच्या पाठीवर शास्त्रज्ञांनी स्थलांतर तपासायला लावलेलं यंत्र होतं. चौकशीअंती त्याला सोडलं. सुटल्यावर थोड्याच दिवसांत तो कोणाच्या तरी पातेल्यात गेला. कोठडीत होता तोवर निदान जिवंत तरी होता.

सगळाच संशय खुळचट असं म्हणायचीही सोय नाही, कारण कबुतरांनी पूर्वी ही नोकरी खरंच केली आहे. एका जर्मन औषधविक्रेत्याने १९०८ साली त्यांच्या छातीवर बांधायच्या छोट्या कॅमेऱ्याचं पेटंट मिळवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी जर्मनांच्या ताब्यातल्या युरोपावर विमानांतून सुमारे १६,००० कबुतरं पॅराशूटने उतरवली. सोबत कागद आणि विनंती, तुमच्या गावात जर्मन काय करताहेत ते लिहा आणि पाखरू सोडा. हजाराच्या आसपास चिठ्ठ्या परत आल्या. तीही कबुतरं घरीच परतली, म्हणून योजना चालली. याच काळात शत्रूची टपाल-कबुतरं पाडण्यासाठी इंग्लंडच्या किनाऱ्यावर ससाणेही शिकवून ठेवले होते. ससाण्यांनी शिकार चोख केली. पाडलेली कबुतरं तपासली तेव्हा सगळी ब्रिटिशांचीच निघाली.

पण इंग्लंडातल्या त्या साहेबांना निदान घाई तरी होती. मुंबईच्या कबुतराची फाइल निवांत होती. मे गेला, पावसाळा गेला, गणपती आले आणि विसर्जनही झालं, दिवाळी झाली, कबुतर पिंजऱ्यात. पक्षी ठणठणीत आहे, त्याला आजार नाही, त्याचं काय करायचं, अशी विचारणा इस्पितळाकडून होत होती. आता गंमत अशी की ठणठणीत रुग्णाला घरी सोडतात, पण हा रुग्ण नव्हता, मुद्देमाल होता. आणि मुद्देमालाला बरं वाटतंय की नाही हे विचारायचा रकाना कुठल्याच नमुन्यात नसतो. मधल्या काळात उलगडा झाला होता. पक्षी तैवानचा, समुद्रावरच्या शर्यतीचा. तिकडे कबुतरं बोटीने खोल समुद्रात नेऊन सोडतात आणि जी परततील त्यांच्यावर प्रचंड पैसा लागलेला असतो. बरीचशी परतत नाहीत. काही बुडतात, काही दमून मिळेल त्या जहाजावर टेकतात. हे पाखरू सुमारे पाच हजार किलोमीटरवर मुंबईत उतरलं. शर्यत हरलं, देश हरवला, आणि वर हेर ठरलं. अखेर ३० जानेवारी २०२४ रोजी, आठ महिन्यांनी, ते सुटलं. आठ महिने! शत्रूने खरोखरच हेर पाठवला असता, तर एवढ्या अवधीत तो मराठी शिकून भाडेकरार करून सोसायटीच्या कमिटीवर निवडून आला असता.

यावर हसून झालं असेल तर थोडं थांबावं. कबुतरासाठी विचारणा करणारं कोणी होतं, म्हणून ते सुटलं तरी. याच देशातल्या तुरुंगांत २०२२च्या अखेरीस दर चार कैद्यांमागे साधारण तीन कच्चे कैदी होते. कोणावरही गुन्हा सिद्ध झालेला नाही, फक्त संशय आणि पुढची तारीख. त्यांच्यातल्या कित्येकांकडे जामिनाची रक्कम नाही, जामीनदार नाही, कागद नाहीत. त्यांच्यासाठी 'रुग्ण ठणठणीत आहे, सोडू का?' असं विचारणारं इस्पितळ नसतं. आणि ज्या व्यवस्थेला कबुतर हेर आहे की फक्त हरवलेलं, हे ठरवायला आठ महिने लागतात, तिच्याकडे माणसाची फाइल गेली की काय होतं, हे त्या माणसाच्या घरच्यांना विचारावं. तारखेला कोर्टात जाऊन, कैद्यांना आणणारी गाडीच आली नाही म्हणून संध्याकाळी रिकाम्या हाताने परतणाऱ्या बायकांना विचारावं. गोपनीयतेच्या नावाखाली जेवढं झाकलं जातं, त्यातलं गुपित किती आणि आळस किती, याची बेरीज एकदा कोणीतरी जाहीर करायला हवी. त्या बेरजेवर मात्र 'अतिगोपनीय'चा शिक्का आधी पडेल.

आता पुढची अडचण आपल्या बाजूने आहे. २०१३ साली नागालँडमध्ये अमूर ससाण्यांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅमचे उपग्रह-ट्रान्समीटर बसवले. हे पक्षी अरबी समुद्र एका दमात ओलांडून सोमालियात उतरतात आणि तिथून दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात. ठाण्याच्या खाडीतल्या काही रोहित पक्ष्यांनाही २०२२पासून सौरऊर्जेवर चालणारे जीपीएस लावलेत, आणि या मंडळींना कच्छच्या रणाची ओढ आहे. तिथून सीमा किती लांब, हे नकाशा काढून बघावं. म्हणजे बिचाऱ्या तैवानी कबुतराकडे नुसते वाळे होते, आमच्याकडचे पक्षी आपण कुठे आहोत हे मुख्यालयाला कळवतात. यातला एखादा उद्या वाऱ्याने भरकटून पलीकडच्या एखाद्या ठाण्याच्या अंगणात उतरला, तर तिथल्या ड्युटीवरच्या हवालदाराने काय करावं अशी आमच्या स्टुडिओतल्या विश्लेषकांची अपेक्षा आहे, ते त्यांनी आजच सांगून ठेवावं. लाल बाणांची दिशा तेवढी उलटी करावी लागेल.