बुलेटची सोय

बुलेट मी चालवायला घेतलेली नाही, हे घरात अजून कुणाला माहीत नाही. मी ती शेजारी उभं राहायला घेतली. कागदावर तिचं नाव क्लासिक ३५० आहे, पण आमच्या रोहणा गावात एवढ्या आवाजाच्या कुठल्याही गाडीला बुलेटच म्हणतात. वजन १९५ किलो. पन्नाशी उलटलेल्या मास्तरानं हेल्मेट काखेत धरावं, एक हात टाकीवर ठेवावा, नजर दूर तुरीच्या शेतापलीकडे लावावी आणि फोटो काढून घ्यावा, इथवर सगळं झकास असतं. चालवायला लागलं की मात्र सायलेन्सर कुठला वाजतोय आणि मणका कुठला, ते कळेनासं होतं.

तेव्हा लांबच्या डोंगरावर बुलेटसह पोचायचं, पण बुलेटवरून नाही, हे जमवायचं कसं, असा पेच पडला. अमेरिकेत या पेचावर कारखानेच्या कारखाने चालतात आणि तिथल्या हौशी लोकांचे त्यात दोन पंथ आहेत.

पहिला पंथ ट्रक कॅम्परवाल्यांचा. पिकअपच्या डाल्यात अख्खं घर ठेवायचं. शेगडी, मोरी, कपाट, सगळं आत. झोपायचा माळा ड्रायव्हरच्या टपावर पुढे काढलेला. मुक्कामाला पोचलं की घराचे चार पाय खाली सोडायचे आणि पिकअप खालून काढून बाजाराला न्यायची. अडचण एकच. डाल्यात घर बसलं की मोटारसायकल बाहेर पडते. तिला मागे रॅकवर टांगा, नाहीतर तिच्यासाठी वेगळा ट्रेलर ओढा.

दुसरा पंथ टॉय हॉलरवाल्यांचा. हा मुळात ट्रेलरच. मागची भिंत खाली पाडली की तिचाच उतार होतो. मोटारसायकल चढवायची, भिंत वर घ्यायची. मागच्या अर्ध्यात गाडी, पुढच्या अर्ध्यात संसार. रात्री बटण दाबलं की छताला लागलेले पलंग खाली येतात आणि मालक पेट्रोलच्या वासात सुखानं घोरतो. हे सगळं मी रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलवर बघत असतो. एकदा बायकोनं संशयानं मागून डोकावून पाहिलं. नवरा एका ट्रेलरची भिंत खाली पडताना डोळे विस्फारून बघतोय, एवढंच निघालं. तिच्या चेहऱ्यावर सुटकेपेक्षा निराशाच जास्त होती.

मग मी टेप घेऊन छोट्या हत्तीकडे गेलो. टाटा एस २००५ मध्ये बाजारात आली आणि त्यानंतर आमच्या भागात भाजीपासून वरातीच्या डीजेपर्यंत सगळ्याची सोय झाली. तेव्हा बुलेटचीही होईल, असा हिशेब. डाल्याची लांबी २,२०० मिलिमीटर, बुलेटची २,१४५. म्हणजे लांबीत संसाराला साडेपाच सेंटिमीटर उरले. "तेवढ्यात तुमची हौस मावते," बायको म्हणाली. "मी माहेरी जाते."

मोठ्या पिकअपवर घर बांधून घ्यावं म्हटलं तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कारखान्यातून गाडी जशी आली तिच्यात परवानगीशिवाय मनाचे बदल करायचे नाहीत. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं. म्हणजे चाकांवरचं घर सरकारला पटलं; घरात बुलेट का हवी, हे पटवायचं राहिलं.

पण सरकार परवडलं. पानठेला त्याहून कडक.

"गुरुजी, गाडीले चाकं असून तिले दुसऱ्या गाडीत टाकून नेता. कशाले?"

"फिरायला."

"थे समजलं. पण कशाले?"

माझं डोकं फिरतं ते इथे. आमच्याकडे माणूस गाव सोडतो तो लग्नाला, मयताला, दवाखान्यात, नाहीतर कोर्टाच्या तारखेला. महादेवाच्या यात्रेला गेला तरी चालतं, कारण तिथे साक्षीला देव असतो. पण जावंसं वाटलं म्हणून गेला, असा माणूस एकतर कर्जात बुडालेला असतो किंवा घरात भांडलेला. तिसरं कारण गाव मानत नाही. आमच्याकडे रेल्वेसुद्धा कधी हौसेनं आली नाही. पुलगाव-आर्वी ही अडीच फुटी रुळांची गाडी १९१७ मध्ये सुरू झाली, ती आर्वीकडचा कापूस पुलगावच्या मोठ्या लाइनीवर नेऊन घालायला. रोहण्याला तिचं स्टेशन होतं आणि माणसंही तिच्यातून जायची, पण गाडी त्यांच्यासाठी आली, अशी त्यांचीही समजूत नव्हती. तीही केव्हाच बंद पडली.

हौसेपायी गाव सोडायची मुभा इथे फक्त पटाच्या बैलांच्या मालकांना आहे. विषय निघालाच आहे तर शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतीवर, थोडं बोलून घेतो. ट्रक कॅम्पर कुठे पळून जात नाही, आणि पटाचे बैल थांबत नाहीत.

आर्वीचा हा सगळा पट्टा गवळाऊ जनावरांचा. पांढरं अंग, लांबट तोंड, सडपातळ बांधा आणि पायाला हलकं. हेटीकुंडीला त्यांच्या पैदाशीचं सरकारी केंद्र आहे. नदी ओलांडली की अमरावती जिल्ह्यातलं तळेगाव दशासर, तिथल्या पटाचं नाव विदर्भभर. हलकी छकडी, तिच्यावर जीव मुठीत धरलेला धुरकरी, आणि निकाल सेकंदाच्या बारीक भागांत. माझ्या वर्गात अपूर्णांक काढताना फळ्याकडे पाठ करणारी पोरं पटावर दशांश चिन्हानंतरची दोन घरं तोंडपाठ सांगतात. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ ला बैलांच्या शर्यती बंद केल्या. राज्यानं २०१७ मध्ये कायदा बदलला, तरी पट खुले व्हायला १६ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला, आणि त्यावर घटनापीठाचं शिक्कामोर्तब झालं मे २०२३ मध्ये. म्हणजे बैलांच्या मालकांची साडेसाती साडेसात वर्षांहून थोडी जास्तच निघाली. त्या काळात मी एका मालकाला विचारलं, बैल विकत का नाही? तो म्हणाला, "विकून मी पाहू कोनाकडं?"

आता त्यांची पिकअप बघा. डाल्यात कुटाराचा वीतभर थर, त्यावर गोणपाट, म्हणजे खूर घसरत नाही. पिकअप उंच धुऱ्याला मागून लावायची, फाळका धुऱ्यावर टाकायचा, आणि बैल पाहुण्यानं माजघरात यावं तसा आत येतो. बैलाला दूध, अंडी, उडदाचं पीठ. मालकाला कागदातला चिवडा. रात्री पटाच्या मैदानावर मालक त्याच डाल्यात बैलाच्या पायाशी, वर ताडपत्री. मागून उतार, आत खेळणं, खेळण्याशेजारी मालक. अमेरिकेनं यात भर घातली ती फक्त बटणाची.

हल्ली बक्षिसात मोटारसायकल असते. पट आटोपून परतणारी एक पिकअप आमच्या पानठेल्यावर थांबली होती. डाल्यात जिंकलेली जोडी, मागच्या कोपऱ्यात तिरपी घातलेली नवी कोरी मोटारसायकल, तिच्या हँडलला हार आणि सीटवर मालक. एक हात हँडलवर, दुसऱ्यात कासरा. उजवा बैल मान वळवून हार खात होता आणि मालक त्याला खाऊ देत होता. पानठेल्यावर त्याला कुणीही "कशाले" विचारलं नाही. उलट चहा पाजला. माझ्या बुलेटला आजवर कुणी पाणीसुद्धा विचारलेलं नाही.

शेवटी प्रकरण मी बाबांकडे नेलं. बाबा ऐंशीच्या पुढचे, छपरीत खाटेवर असतात. त्यांना मोबाइलवर टॉय हॉलर दाखवला. भिंत पडली, मोटारसायकल आत गेली, भिंत वर आली.

"चाकं कुठीशी हायेत?" त्यांनी विचारलं. दाखवली. "मंग हे उलाळ होते. वजन सारं मांगं."

ट्रेलरवाल्यांचा नियम असा आहे की एकूण वजनातला दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर यावा. मागे जास्त गेला की ट्रेलर डुलायला लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही घेऊन जातो. एवढं कळायला मी डोळे लाल करून घेतले होते. बाबांना ते बंडी भरून भरून हातांनी कळलेलं.

"आन झोपाले कुठी?" छतातून खाली येणारा पलंग दाखवला. बाबा हसले. "आमचं उलटं. आम्ही वर झोपो."

ते कापसाच्या बंडीबद्दल बोलत होते. १९७२ मध्ये कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. हंगामात संकलन केंद्राबाहेर बंड्यांची रांग लागायची आणि काटा येईपर्यंत बंडी हेच घर. मी डबा घेऊन जायचो. खाली बैल, जुवाला टांगलेला कंदील, आणि वर कापसाच्या ढिगावर कानाला दुपट्टा बांधलेले बाबा. तेवढी मऊ गादी गावात कुणाकडे नव्हती आणि तिच्यावर ते रात्रभर जागे असायचे. कुणी कापूस ओढून नेऊ नये, कुणाच्या बिडीची ठिणगी उडू नये. सकाळी ग्रेडर यायचा, चिमटीत कापूस ओढून बघायचा, एका शब्दात आमच्या वर्षाची प्रत सांगायचा आणि पुढच्या बंडीकडे जायचा. बाबा त्याला "कशावरून?" असं विचारताना मी कधी ऐकलं नाही. चाकांवरचं घर, वर चांदण्या, शेजारी आपलं जनावर. मी ज्याच्यासाठी झुरतो ते सगळं त्यांच्याकडे होतं. त्यांना फक्त तिथून हलता येत नव्हतं.

मी मोबाइल खिशात ठेवला. बाबांनी "कशाले" विचारलं नाही. म्हणाले, "कवा निंघाचं?"

तर आता ठरलं ते असं. कॅम्पर नाही, हॉलर नाही. परतवाड्यापर्यंत भाड्याची पिकअप, तिथून चिखलदऱ्याचा घाट बुलेटवर. घाट चढताना माझा फोटो मागून कोण काढणार, तेवढं ठरायचं आहे. पिकअपवाल्यानं भाडं सांगितलं.

"बाबाजी पुढं केबिनमंधी. त्यायचं काही लागत नाही. बुलेटचं लागन. आन तुम्ही?"

"मी मागे. बुलेटवर बसून."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मंग तुमाले सामानात धरतो."

बायको दारातून म्हणाली, "भाऊ, खाली कुटार जरा जास्त टाकजा. बुलेटले काही होत नाही, ह्यायची कंबर हाय."

हार मी आर्वीहून स्वतः आणणार आहे. या खेपेला तो खायला बैल नसेल.