अठरा भोकांचे शास्त्र

नोकरीनिमित्त म्युनिक किंवा इन्सब्रुकला आलेला मराठी माणूस दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत स्की-टूरिंगला लागतो. लिफ्टच्या तिकिटाला पैसे न मोजता डोंगर आपल्या पायांनी चढायचा आणि मग बर्फावरून उतरायचा, हे सह्याद्रीत वाढलेल्याला पटवून द्यावे लागत नाही. पुढे तो एकाकडून जुन्या स्की घेतो, दुसऱ्याकडून जुनी बाइंडिंग घेतो, दुकानात जाऊन बसवण्याची मजुरी विचारतो आणि गप्प घरी येतो. प्रस्तुत मार्गदर्शन या सद्गृहस्थासाठी आहे.

प्रथम उपकरणाची ओळख. बूट स्कीला जोडणारे हलके पिन बाइंडिंग ही टायरोलच्या फ्रिट्झ बार्थेल यांची १९८० च्या दशकातली करामत. चवड्याशी बुटाला दोन्ही बाजूंनी दोन पिना धरतात, मागे आणखी दोन पिना टाचेत शिरतात. चढताना टाच मोकळी, उतरताना जेरबंद. म्हणजे पाठपिशवीसकट आख्खा माणूस पिनांच्या भरवशावर, आणि पिना स्क्रूंच्या. डायनाफिट कंपनीच्या जुन्या नमुन्यात पुढे पाच व मागे चार, म्हणजे दोन्ही पायांचे मिळून अठरा स्क्रू लागतात. विकणाऱ्याने दिलेल्या पिशवीत सतरा असतात. मोजून घ्यावेत, तक्रार करू नये, त्यालाही सतराच मिळाले होते.

अठराव्याचा शोध शनिवारी सकाळीच सुरू करावा. रविवारी दुकाने बंद असतात, आणि त्या दिवशी ड्रिल चालवलेले शेजाऱ्यांनाही चालत नाही, नियमांनाही. बाउमार्क्टमध्ये, म्हणजे हार्डवेअरच्या अवाढव्य दुकानात, स्क्रूंची एक आख्खी गल्ली असते. तिथे तुमच्या स्क्रूसारखा दिसणारा लाकडाचा स्क्रू हमखास भेटेल. त्याला भुलू नये. स्कीचा स्क्रू साधारण ५.५ मिमी जाड, आखूड, बोथट टोकाचा आणि रुंद आट्यांचा असतो. लाकडाच्या स्क्रूला टोक असते, आणि पायाखालची स्की असते जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर जाड. ते टोक खालून बाहेर डोकावले की स्की फक्त भिंतीवर लावण्यापुरती उरते.

या टप्प्यावर पुण्याला व्हिडिओ कॉल करू नये. बाबा म्हणतील, "जरा जवळ आण, आटे दिसू देत. हां, हे बोहरी आळीत पसाभर मिळतील. तू सँपल घेऊन ये." बाबांचे चूक नाही, पण त्यासाठी विमानाचे तिकीट पडते. त्यापेक्षा स्की दुरुस्त करणाऱ्याच्या मागच्या खोलीत जावे. तिथल्या खणात हे स्क्रू सुटे पडलेले असतात आणि सभ्यपणे मागितले तर दोन मिळतात. दोनच मागावेत, पण एका मापाचे नव्हे.

कारण सगळी भानगड लांबीची आहे. स्क्रू बाइंडिंगच्या भोकात सोडून पाहावा. खाली सुमारे ९ मिमी दिसला पाहिजे. कमी दिसला तर पहिल्याच वळणावर उपटून येईल, जास्त दिसला तर स्कीच्या तळाला पुळी येईल. पुढचे-मागचे स्क्रू वेगळ्या लांबीचे असू शकतात, म्हणून काढतानाच एकेका खळग्यात एकेक असे अप्पेपात्रात ठेवावेत. बारा खळग्यांचे पात्र एका पायाला पुरते. त्या दिवशी अप्पे होणार नाहीत, हे घरात आधी सांगून ठेवावे.

ड्रिलचे माप बहुतेक स्कीवरच बारीक अक्षरांत छापलेले असते: साधारणपणे ३.६ मिमी, आत धातूचा पत्रा असल्यास ४.१. खांदा असलेले बिट घ्यावे, म्हणजे ते ठरल्या खोलीला आपोआप अडते. साध्या बिटाला चिकटपट्टी गुंडाळून काम भागवणारे धाडसी लोक आहेत. चिकटपट्टी वर सरकते तेव्हा ते दुसरीकडे बघत असतात. भोकांच्या जागा दाखवणारे कागदी टेम्प्लेट छापताना प्रिंटर पानात मावावे म्हणून चित्र गुपचूप लहान करतो, तेव्हा कागदावर पट्टी ठेवून खात्री करावी. भोक पुन्हा बुजवता येते, पण सरकवता येत नाही. जुन्या भोकापासून नवे निदान सेंटिमीटरभर दूर हवे.

आता कसणे. भोकातला भुसा झटकून पाण्यात न सुटणारा लाकडाचा गोंद थेंबभर सोडावा. स्क्रूचे डोके नीट पाहावे: फुलीच्या चार हातांमध्ये चार बारीक रेघा असतील तर तो पोझिड्राइव्ह, आणि त्याला तीन नंबरचा पोझिड्राइव्हच लागतो. घरातला स्टार स्क्रूड्रायव्हर बसल्यासारखा वाटतो, जोर आला की निसटतो आणि डोक्याची वाटी करून ठेवतो. जुन्याच भोकात स्क्रू घालायचा असेल तर आधी उलटा फिरवावा. बोटांना हलकेच 'टक्' जाणवले की आटे जुळले, मग सुलटा. शेवटचा पीळ हाताने द्यावा, ड्रिलने नव्हे. तरीही आटे गेलेच तर थोडी स्टील वूल आणि अ‍ॅरल्डाइट, मग रात्रभर हात लावू नये. हा स्क्रू पुढे काढायचा झाल्यास डोक्यावर सोल्डरिंग आयर्न टेकवून तापवावा लागतो. वास येतो, खिडकी उघडावी. बाइंडिंग किती जोराला सुटते हे मात्र दुकानातल्या यंत्रावर तपासून घ्यावे. तिथे मजुरी वाचवू नये, गुडघा महाग पडतो.

डोंगरावर जाताना खिशात दोन जादा स्क्रू आणि तो तीन नंबरचा पोझिड्राइव्ह असावा. सोबत्याचा स्क्रू गळाला तर उदार मनाने द्यावा, फक्त आधी लांबी विचारावी. "कुठलाही चालेल रे," असे उत्तर आल्यास स्क्रू द्यावा आणि उतरताना त्याच्या वरच्या बाजूला राहावे.