आबा आणि बावीस बोर

चौसाळ्याच्या आबांना आजवर कुणी मारलेलं नाही, मारायची धमकी दिलेली नाही, तोंडावर धड शिवीही दिलेली नाही. हेच त्यांचं दुःख आहे.

बीडहून निघालेल्या गाड्या मांजरसुंबा मागे टाकून धाराशिवकडे जाताना जिथं चहाला थांबतात, तिथं आबांचे दोन गाळे आहेत. शिवाय हप्त्यावरचा एक जेसीबी आहे आणि पांढरी स्कॉर्पिओ आहे. स्कॉर्पिओच्या मागच्या काचेवर आबांचं नाव, पुढच्या काचेवर नेत्याचा फोटो. नेता बदलतो, काच तीच राहते. चौसाळा हा विधानसभेचा स्वतंत्र मतदारसंघ होता तेव्हा आबा 'भावी आमदार' होते. 2008 च्या पुनर्रचनेत मतदारसंघच गेला. तेव्हापासून ते नुसतेच भावी आहेत.

भावी माणसाला एका वयानंतर कंबर मोकळी मोकळी वाटू लागते.

असे आबा आपल्या जिल्ह्यात प्रत्येक तिठ्यावर एक तरी सापडतात. त्यातल्या ज्यांच्या कंबरेला हत्यार असतं त्यांची ओळख पटवायला ते दिसावंही लागत नाही. त्यांचं वागणंच वेगळं होतं. हॉटेलात शिरल्यावर असा माणूस लगेच बसत नाही. आधी उभ्या उभ्या शर्ट सारखा करतो. मग टेबलावर मोबाइल, मोबाइलवर गाडीची किल्ली आणि किल्लीशेजारी ते काळं चामड्याचं पाकीट अशी मांडामांड होते, तेव्हा कुठं चहाची ऑर्डर जाते. बिलाचे पैसे डाव्या खिशात असतात. पण ते काढताना शर्ट उजवीकडून वर होतो. लग्नात अक्षता टाकायला तो शेजाऱ्यापेक्षा हात जरा जास्तच उंच नेतो. पारगावच्या टोलनाक्यावर काच खाली करून तो पोराला काही बोलत नाही, फक्त सीटवर कूस बदलतो. टोल मात्र गुमान भरतो, कारण फास्टॅगला पिस्तूल दिसत नाही.

आबांनी हे सगळं पाहून पाहून पाठ केलं होतं. राहिलं होतं ते फक्त हत्यार.

हत्याराला परवाना लागतो आणि परवान्याला शत्रू लागतो. 1959 चा शस्त्र अधिनियम, 2016 चे नियम, नमुना ए-1 मधला अर्ज, फोटो, हत्यार चालवायच्या प्रशिक्षणाचा दाखला, घरात ते सुरक्षित ठेवण्याची हमी, एवढं सगळं आबांनी बीडच्या वकिलाकडून आठवड्यात गोळा केलं. गाडी अडली ती 'परवाना कशासाठी हवा' या रकान्यापाशी.

"स्वसंरक्षणासाठी, असं लिहितो," वकील म्हणाले. "पण धोका कुणापासून, हे चौकशीत विचारतील."

आबांनी रात्रभर विचार केला. विरोधी गटाचं नाव घालावं, तर पुढच्या सोसायटीच्या निवडणुकीत त्यांच्याशीच युती ठरलेली. जुन्या भागीदाराचं घालावं, तर त्यानं कुणाला इजा केल्याचा गावाचा अनुभव नाही. त्यानं फक्त पैसे बुडवले. शेवटी भाऊबंदकी कामाला आली. सामाईक विहीर आणि कोरलेला बांध यांच्या जोरावर चुलतभावाची शत्रू म्हणून निवड झाली. ही बातमी फुटली तेव्हा गावात वेगळाच गोंधळ झाला. आपलं नाव नाही म्हणून तिघंचौघं नाराज झाले. "आमी काय मेलेले हाव का? आमच्यापासून धोका नाही तुला?" असं एकानं पारावर उभं राहून विचारलं.

शत्रू ठरला, आता हत्यार ठरवायचं. त्यासाठी मेजरांना बोलावणं गेलं. मेजर फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. आपल्याकडं फौजेतून परतलेला माणूस मेजरच्या खाली नसतोच. सध्या ते स्वतःची बारा बोरची डबल बार मांडीवर घेऊन एका बँकेच्या दारात बसतात. इतक्या वर्षांत तिनं एकही बार काढलेला नाही, आणि मेजर त्यालाच नोकरी म्हणतात.

"नऊ एमएम," आबांनी सुरुवातच केली.

"ते बंदी बोर. फौजेचं आन् पोलिसांचं. तुमच्या परवान्यावर येत नाही. तुमच्यासाठी बत्तीस नाहीतर बावीस."

बत्तीसमध्ये कानपूरचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर होतं, सातशे ग्रॅमच्या आसपास वजनाचं. ऑर्डनन्स फॅक्टरीचं 'अशनी' नावाचं पिस्तूल होतं. कानपूरचंच 'निर्भीक'ही होतं. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर 2014 मध्ये बायकांसाठी म्हणून ते काढलं होतं, वजन अर्धा किलो, तेव्हाची किंमत 1 लाख 22 हजारांवर, आणि येतं ते दागिन्यासारखं मखमली डबीत. हे ऐकून आतून आबांच्या बायकोचा आवाज आला, "अवं, मग ते मलाच घ्या की. धोका मला हाय."

"तुला कुणापासून?"

"ते तुमच्या कंबरंला लागलं की मग हाय."

आबांनी विषय बावीसवर नेला. मेजरांचं म्हणणं असं, की खिशात मावणारं, हलकं, हाताला झटका न देणारं हवं असेल तर बावीसच. इशापूरच्या रायफल फॅक्टरीनं 'निडर' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं, ते आठ गोळ्यांचं आणि वजन फक्त 250 ग्रॅम. निघालं तेव्हा किंमत 35 हजारांच्या आसपास होती.

"पण गोळी बारकी," आबा म्हणाले.

मेजरांनी पेपरच्या कोऱ्या कडेवर दोन वर्तुळं काढली. पहिल्याच्या मधोमध एक टिंब दिलं. "ही बत्तीस. बुडाला मधी टोपी असती, पिन तिच्यावर बसती, बार निघतो." दुसऱ्या वर्तुळाला टिंब दिलं नाही, नुसती कड पेनानं गिरवून जाड केली. "ही बावीस. हिला येगळी टोपीच नाही. ठिणगीचा मसाला ह्या कडंच्या पोकळीत भरलेला. पिन कडंवर मारती, कड चेमटती, मसाला पेटतो. आता हा मसाला समद्या कडंला सारखा पसरला पायजे. येखाद्या जागी कमी पडला आन् पिन नेमकी तिथंच बसली, तर?"

"तर?"

"दिवाळीतली सर्दावलेली टिकली. नुसतं टक."

आबांच्या डोळ्यांपुढं चुलतभाऊ उभा राहिला असावा, कारण त्यांनी कपाळ पुसलं. मेजर समजावत राहिले. म्हणून एवढ्या लहान बोरला पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर बरं. बार फुसका गेला तर पिस्तुलाची सरकपट्टी दोन हातांनी मागं ओढून वाया गेलेलं काडतूस बाहेर टाकावं लागतं. रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की चक्र फिरून पुढची गोळी आपसूक समोर येते. दुसरं, या काडतुसाची पुंगळी एकदाच कामाची. कड चेमटली की संपली. तिसरं, तरीही तिला खेळणं समजू नका. हे काडतूस एकोणिसाव्या शतकापासून जगभर चालतंय. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ घेतलं, ते याच बावीसच्या गोळीनं. राही सरनोबतचं 2018 चं एशियाडचं सोनंही बावीसच्याच पिस्तुलाचं.

"ते कोल्हापूरकडचे," आबा म्हणाले. "ते नेम धरतात."

निर्णय घाईनं घ्यायचा नाही म्हणून आबांनी प्रयोग केला. कुंथलगिरीच्या पेढ्याचा पाव किलोचा बॉक्स आणला, तो पँटच्या खिशात घातला, वरून कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट सोडला आणि बसस्टँडपर्यंत चालत जाऊन आले. वाटेत सरपंच भेटले, सोसायटीचे चेअरमन भेटले, दोघा पत्रकारांनी चहा पाजून घेतला. कुणी काही विचारलं नाही. कुणाची नजर खिशाकडं गेली नाही. घरी येऊन आबा खुर्चीत कोसळले.

"मेजर, हे दिसतच नाही!"

"दिसू नये म्हणून तर ते खिशातलं!"

"मग घ्यायचं कशाला?"

मेजरांकडं याचं उत्तर नव्हतं. फौजेत हा प्रश्न शिकवत नाहीत. खिशातल्या पिस्तुलाचा जगभरचा सगळा थाट न दिसण्याचा: आखूड नळी, गुळगुळीत कडा, कपड्यात अडकू नये म्हणून बुजवलेला घोडा. आबांना हवं होतं नेमकं उलटं. शर्ट फुगला पाहिजे, बसताना टोचलं पाहिजे, आणि टोचलं म्हणून चारचौघांत काढून टेबलावर ठेवता आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी अर्धा किलोचा बॉक्स घेऊन ते पुन्हा निघाले. यावेळी एकानं विचारलं, "आबा, गळू झालंय का?"

बत्तीस बोर नक्की झालं.

इथवरचं हसण्यावारी नेता येतं. मग डिसेंबर 2024 आला. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांचा खून झाला, आणि बीड जिल्ह्यातले हजारावर शस्त्र परवाने साऱ्या राज्याच्या चर्चेत आले. हवेत बार काढणारे, कंबरेला हत्यार लावून रील टाकणारे, हे सगळे आधीही दिसत होते. आता ते मोजले जाऊ लागले. कायद्यात लग्नवरातीतल्या आनंदाच्या भरातल्या गोळीबाराला 2019 पासूनच दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. प्रशासनानं परवान्यांची छाननी काढली, कित्येक रद्द केले. टेबलावरची काळी पाकिटं दिसेनाशी झाली. कालपर्यंत ज्यांना बसताना टोचत होतं, ते निवांत मांडी घालून बसू लागले.

आबांचा अर्ज या लाटेत सापडला. पोलीस चौकशीला चुलतभावाकडं गेले.

"आबापासून? न्हाई, आबाला माझ्यापासून धोका?" तो म्हणाला. "सायेब, त्याच्याकडं माझे दीड लाख हायेत. तो मेला तर मी कुणाकडं मागू? त्याच्या जिवाची मला जेवढी काळजी हाय, तेवढी त्याच्या बायकोलाबी नसंल. रोज सकाळी हाय का बगून येतो."

परवाना नाकारला तर कारण लेखी कळवावं लागतं. तसं ते रीतसर आलं: अर्जदाराच्या जीवितास कोणापासूनही धोका असल्याचं दिसून येत नाही. सही, शिक्का, जावक क्रमांक. भावी आमदाराला कुणीही मारायला तयार नाही, हे सरकारनं चौकशी करून प्रमाणित केलं होतं. आबांनी ते पत्र घडी घालून आतल्या खिशात टाकलं. त्याचा फुगवटा मात्र कुणाला दिसणार नाही, याची ते आजही काळजी घेतात.

वकील म्हणाले, आयुक्तांकडं अपील करता येईल, पण धोक्याचा कागदी पुरावा लागेल. मग आबा अभिमान गिळून चुलतभावाच्या ओट्यावर गेले.

"मला एक धमकी लिहून दे."

"देतो की. भावासाठी येवढंबी करायचं न्हाई का? पण उद्या तू फिरलास तर? बाँडवर करू. खर्च तुझा."

दोघं मिळून स्टँपवाल्याकडं गेले. तिथं कळलं, की शंभराचा बाँड आता चालत नाही. ऑक्टोबर 2024 पासून पाचशेचा लागतो. आबांनी पाकीट उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"जिवाचं राहू द्या," ते म्हणाले. "नुसते हातपाय तोडायची लिहिली, तर शंभरात बसंल का?"

स्टँपवाल्यानं चष्म्यावरून पाहिलं. "तोडा नायतर जोडा, आबा. बाँड पाचशेचाच."