परवडेल असा वाघ

ताडोबाच्या सफारीचं ऑनलाइन बुकिंग आधी संपतं आणि माझा ओटीपी नंतर येतो. एकदा मोठ्या खटपटीने तारीख ठरवून रजा मंजूर करून घेतली, तर तो निघाला मंगळवार. मंगळवारी ताडोबाला सुट्टी असते.

मग मी नकाशा काढला. मेळघाट हा महाराष्ट्रातला पहिला व्याघ्रप्रकल्प आणि तो सातपुड्यात आहे. हाच सातपुडा पश्चिमेला नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेकाठी मणिबेलीला येऊन टेकतो. डोंगर तोच, म्हणजे वाघही त्याच खानदानातला, असा माझा सिद्धांत. शेजारीच गुजरातचं शूलपाणेश्वर अभयारण्य; वाघाला राज्याची हद्द कुठे कळते, म्हणून तेही हिशेबात धरलं. शिवाय इथे ना गेट, ना जिप्सी, ना परमिट. सगळा खर्च वाचला!

"अहो, पण तिथे वाघ आहेत असं सांगितलं कोणी?" बायकोने विचारलं.

"नाहीत असं तरी कोणी सांगितलंय?" मी म्हणालो आणि एक्सेलमध्ये तक्ता करायला बसलो. 'सायं. 5 ते 6 : पाणवठ्यावर वाघ.'

अक्कलकुव्यात चहा पिताना मणिबेलीचा रस्ता विचारला. टपरीवाल्याने माझी खाकी टोपी, गळ्यातली दुर्बीण आणि हातातली फाईल निरखून पाहिली. "निवडणूक लागली का, साहेब?" मणिबेली हे राज्यातलं पहिल्या क्रमांकाचं मतदान केंद्र. बाहेरचा माणूस फाईल घेऊन तिकडे निघाला म्हणजे मतपेटीच्या मागावर, असा त्याचा समज. वाघ बघायला चाललोय म्हटल्यावर त्याने चहाचे पैसे आधी मागून घेतले.

शेवटचा टप्पा होडीचा. पाणवठा कुठे, असं नावाड्याला विचारलं. त्याने वल्हं उचलून चारी दिशांना फिरवलं. सरदार सरोवराचा जलाशय 214 किलोमीटर लांब. वाघ त्यातल्या नेमक्या कुठल्या टोकाला पाणी पिणार, याचा रकाना तक्त्यात नव्हता. "आमचं जुनं गाव याच्याखालीच आहे," नावाडी म्हणाला. या धरणात महाराष्ट्रातलं सगळ्यात आधी बुडालेलं गाव ते हेच. मोठ्या धरणांविरोधातल्या 1994च्या 'मणिबेली जाहीरनाम्या'मुळे जागतिक बँकेच्या दारापर्यंत हे नाव पोहोचलं होतं, आणि मी ते वाघासाठी शोधून काढलं होतं. दुर्बीण मी गुपचूप पिशवीत टाकली.

"वाघ आहे का हो इथे?" तरी विचारलंच.

"वाघदेव आहे. त्याला पुजतो आम्ही, त्याने गुरांच्या वाटेला जाऊ नये म्हणून. तुम्ही भाडं भरून त्याला बोलवायला आलात?"

काठावर उतरताच चिखलात ठसा दिसला. मी गुडघ्यावर बसून मापासाठी शेजारी पेन ठेवलं, सात कोनांतून फोटो काढले आणि 'बिबट्या, ताजा' अशी ओळ मनात जुळवली. तेवढ्यात गावच्या जीवनशाळेतला एक पोरगा येऊन वाकला. "नखं उमटलीत. बिबट्या चालताना नखं आत ओढतो. हे कुत्र्याचं आहे." कुत्रा त्याच्या मागेच उभा होता, शेपटी हलवत.

रात्री एका घराच्या ओसरीवर पथारी टाकली. मध्यरात्री गावातली कुत्री एकदम पेटली आणि तितकीच एकदम गप्प झाली. यजमान बॅटरी घेऊन बाहेर आले.

"बिबट्या दिसतोय. शेळ्यांकडे जाऊन बघतो. भाऊ, येता का? तुम्हाला बघायचाच होता ना!"

मी तोवर पथारीसकट ओसरीवरून घरात पोहोचलो होतो. कुडाच्या भिंती, आणि दाराला कडी कुठे ते सापडेना. आतूनच त्यांना समजावून सांगितलं, की सूर्यास्तानंतर सफारी करणं नियमात बसत नाही, आणि माझ्याकडे तर परमिटसुद्धा नाही.