खिसा नसलेल्यांचा खजिनदार

लंडनमध्ये दर शरद ऋतूत आशियाई कलेचे लिलाव भरतात, तेव्हा एक निवृत्त गृहस्थ तिथे हमखास दिसतो. कोपरांवर कातडी ठिगळं लावलेला कोट, गळ्यात भिंग आणि तळहातावर बॉक्सवुडचा चिमुकला जपानी उंदीर. बाकीचे लोक उंदराच्या मिशांचं कौतुक करतात. हा मात्र त्याला उताणा करून पोट तपासतो.

पोटाला दोन भोकं असतात. किमोनोला खिसे नसल्यामुळे एदो काळातला पुरुष तंबाखूची पिशवी किंवा औषधाची डबी दोरीनं कमरपट्ट्याला लटकवायचा आणि दोरी निसटू नये म्हणून वरच्या टोकाला अक्रोडाएवढी ही कोरीव वस्तू बांधायचा. तिचं नाव नेत्सुके. दोन भोकांतलं एक सहसा मोठं असतं, म्हणजे दोरीची गाठ आत दडते. भोकांच्या कडा दोरीनं झिजलेल्या हव्यात, कपड्याला घासणारी बाजू गुळगुळीत हवी. झीज भलत्याच ठिकाणी दिसली, की तो माल चहात बुडवून म्हातारा केलेला! आमच्या गृहस्थाकडे अशा नेत्सुक्यांनी कपाटं भरली आहेत, पण त्यांना लटकवायला एक पिशवी म्हणाल तर नाही. सदरा न शिवता जन्मभर गुंड्या जमवाव्यात, तसा हा प्रकार.

सहीच्या बाबतीत त्याचं तर्कशास्त्र अभेद्य आहे. सही नसेल तर तो म्हणतो, ‘जुनी आहे, तेव्हाचे कारागीर सही करत नसत.’ सही असेल तर, ‘नामांकित हात आहे.’ सही खोटी निघाली तर, ‘नक्कलही त्याच काळातली दिसते.’ क्योतोच्या तोमोतादाचे बैल इतके गाजले, की त्यांच्या नकला फार पूर्वीच सुरू झाल्या होत्या. १७८१ साली ओसाकाच्या इनाबा त्सूर्यू नावाच्या तलवारींच्या व्यापाऱ्यानं आपल्या ग्रंथात पन्नासहून अधिक नेत्सुके-कारागिरांची नोंद केली. त्या यादीतली नावं याला पाठ आहेत. नातवंडांची जरा मागेपुढे होतात.

एडमंड डी वाल यांचं ‘द हेअर विथ अँबर आइज’ २०१० साली आलं आणि याची पंचाईत झाली. आता जेवणावळीत जो तो विचारतो, ‘तुमच्याकडे ससा आहे का?’ पुस्तकातल्या एफ्रुसी कुटुंबाच्या २६४ नेत्सुके व्हिएन्नातल्या नाझींच्या नाकावर टिच्चून ॲना नावाच्या मोलकरणीनं वाचवल्या. एप्रनच्या खिशातून थोड्या थोड्या नेऊन तिनं त्या गादीत दडवल्या. हे ऐकताना टेबलावरच्या सगळ्यांचे डोळे पाणावतात. याचेही पाणावतात, पण खिशात त्या एकमेकींवर आपटल्या असतील या विचारानं.

हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी घालणारा ब्रिटिश कायदा २०१८ साली झाला आणि २०२२ पासून लागू झाला. मोजके अपवाद सोडले तर हस्तिदंती नेत्सुके आता विकता येत नाहीत, घरात ठेवायला मात्र हरकत नाही. बाहेर यानं पुष्कळ हळहळ व्यक्त केली. घरी ‘हे विकून स्वयंपाकघर नवं करू’ या बायकोच्या जुन्या मागणीला अखेर सरकारी उत्तर मिळालं, आणि ते त्यानं दोनदा वाचून दाखवलं. हत्तींची त्याला खरीच कणव आहे, हे सांगायला हवं. फक्त तिचा इतका उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. हल्ली तो लाकडाचं गुणगान करतो, खऱ्या रसिकाला पूर्वीपासून लाकूडच आवडतं म्हणतो.

दुसऱ्या संग्राहकाकडे गेला की याची सभ्यता पाहावी. यजमान मखमलीवर नवी खरेदी मांडतो. हा ती उचलतो, उलटी करतो, भिंग लावतो, हलकेच खाली ठेवतो. मग म्हणतो, ‘यंदा पाऊस जरा लांबलाच, नाही का?’ यजमानाचा चेहरा पडतो आणि त्या रात्री त्या व्यापाऱ्याला एक कडक पत्र जातं.