वामनवृक्षांचे सुभेदार

उभी हयात सरकारी नोकरीत वरिष्ठांचे हुकूम निमूटपणे झेलून सेवानिवृत्त झालेल्या गृहस्थाला उतारवयात राज्य करण्याची अनावर इच्छा झाली आणि त्यासाठी पुण्यातल्या एका गच्चीपलीकडे मुलूख त्याच्यापाशी नसला, म्हणजे तो बोन्साय करू लागतो. अशा रावसाहेबांचा संग्रह पाहावयास जाणाऱ्याने पोटभर खाऊन जावे. कारण चहा येतो तो शेवटचा पिंपळ पाहून झाल्यावर.

प्रत्येक झाडाला एक दर्शनी बाजू असते आणि पाहुण्याने तेथेच, किंचित वाकून, दृष्टी खोडाच्या पातळीवर आणून उभे राहावे, असा तेथला शिरस्ता आहे. वीतभर वडाच्या फांद्यांना ॲल्युमिनियमची तार गुंडाळावयाची, ती सालीत रुतण्यापूर्वी सोडवावयाची, शेंडे खुडावयाचे, झाड उपसून मुळे छाटावयाची, असा बंदोबस्त वर्षानुवर्षे चालू असूनही, "आम्ही काय केले? सारी निसर्गाची किमया!" असे रावसाहेब विनयाने सांगतात. भीमेच्या पात्रातला काळा धोंडा दाखविताना मात्र हा विनय समूळ लोपतो. सुइसेकीच्या, म्हणजे निसर्गानेच घडविलेले दगड जोपासण्याच्या, कर्मठ जपानी परंपरेत दगडाला छिन्नी लावणे निषिद्ध. तेव्हा त्याच्या बुडाशी तंतोतंत बेतलेली सागवानी बैठक सोडल्यास ज्यात त्यांचा काडीचाही हात नाही, त्या धोंड्याच्या दोन शिखरांचे आणि मधल्या खिंडीचे संपूर्ण श्रेय ते निःसंकोचपणे पदरात पाडून घेतात. "मी पाहिला, म्हणून त्याचा डोंगर झाला!"

कुंड्यांचे प्रकरण अधिक नाजूक. जपानातल्या तोकोनामे गावची बिनझिलईची तपकिरी कुंडी पालथी करून तिच्या तळाचा कुंभाराचा शिक्का दाखविल्याखेरीज पाहुण्याची सुटका नाही. कपाटातल्या रिकाम्या कुंड्या तर उपवर कन्यांप्रमाणे अनुरूप स्थळाची वाट पाहत असतात. फुलाफळांच्या झाडाला झिलईदार आणि सूचिपर्णी वृक्षाला बिनझिलईची, हा नियम डावलून तेथे पत्रिका जुळत नाही.

एवढ्या ऐश्वर्याचे धनी असलेले रावसाहेब सख्ख्या भाच्याच्या लग्नालाही मुक्कामाला राहत नाहीत. उथळ कुंडीतली माती वैशाखात दुपारपर्यंत ठणठणीत कोरडी पडते, दोन्ही वेळा पाणी घालावे लागते, आणि झारी दुसऱ्याच्या हाती सोपविण्याइतका त्यांचा कोणावरही भरवसा नाही. नोकरीत निदान किरकोळ रजेचा अर्ज तरी करता येत असे. या नव्या वरिष्ठांच्या दफ्तरी रजेचे कलमच नाही.